भाव कोण ठरवतं? अंतराळातल्या व्यापाराच्या गेम्स आतून कशा चालतात

लाव्हे नावाच्या ग्रहाभोवती एक स्पेस स्टेशन फिरतंय. स्टेशनात तुमचं ‘कोब्रा मार्क ३’ हे यान उभं आहे. हातात १०० क्रेडिट आहेत, यानाच्या नाकावर एक साधा लेझर आणि पोटाखाली तीन क्षेपणास्त्रं आहेत, टाकीत सात प्रकाशवर्षांपुरतं इंधन आहे. पुढे काय करायचं, हे कुणीही सांगत नाही. राजकन्येला सोडवायचं नाही, शेवटच्या राक्षसाला मारायचं नाही. समोर दिसतो फक्त बाजारभावाचा तक्ता.

१९८४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या ‘एलीट’ या गेमची सुरुवात ही अशी. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजमधल्या दोन विद्यार्थ्यांनी ती लिहिली. एका ग्रहावरून माल उचलायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत लुटारू आले तर लढायचं नाहीतर पळायचं, नफ्यातून यान सुधारायचं आणि आणखी लांब जायचं, अशा गेम्सचा आज एक मोठा वंश आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की आपण एलीटपाशी येऊन थांबतो.

एलीटच्या आधी व्यापाराच्या गेम्स नव्हत्या असं नाही. १९७४ मधल्या ‘स्टार ट्रेडर’मध्ये ताऱ्यांमध्ये मालाची देवाणघेवाण करता येत होती, पण सगळं अक्षरांत आणि आकड्यांत. अंतराळातल्या लढायाही होत्या, त्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर. पण एकीकडे नुसता हिशोब आणि दुसरीकडे नुसता गोळीबार. ब्रेबेन आणि बेल यांनी या दोन्हींची गाठ मारली. लढाई ही व्यापाराला लावलेली फोडणी नसते. मालाच्या एका फेरीला जी किंमत असते, ती वाटेतल्या धोक्यामुळेच असते. ही एवढी गोष्ट लक्षात आली की या जातीच्या सगळ्या गेम्स उलगडत जातात.

तेव्हाच्या प्रकाशकांना ते पटणं सोपं नव्हतं. त्या काळी गेम म्हणजे तीन जीव, वर कोपऱ्यात गुण, आणि दहा-एक मिनिटांत खेळ खलास. थॉर्न ईएमआय या कंपनीने गेम नाकारली, ती नेमक्या याच अपेक्षांपायी. अखेर एकॉर्नसॉफ्टने ती काढली, बीबीसी मायक्रो या संगणकासाठी.

सोळा टन धान्याचा हिशोब

आधी व्यापार जवळून पाहू. एलीटमध्ये १७ प्रकारचा माल आहे: अन्न, कापड, दारू, यंत्रं, संगणक, खनिजं, सोनं वगैरे. प्रत्येक ग्रहाच्या अर्थव्यवस्थेला ० ते ७ असा एक अंक असतो. ० म्हणजे श्रीमंत औद्योगिक ग्रह, ७ म्हणजे गरीब शेतीप्रधान. लाव्हे श्रीमंत शेतीप्रधान आहे, त्याचा अंक ५. शेजारचा लीस्टी गरीब औद्योगिक, त्याचा अंक २.

आता अन्नाचा भाव कसा निघतो ते पाहा. अन्नाचा मूळ आकडा १९. ग्रहाच्या अंकाला २ ने गुणायचं आणि ते १९ मधून वजा करायचं. लाव्हेसाठी १९ वजा १०, म्हणजे ९. त्याला ४ ने गुणलं की ३६. हे क्रेडिटचे दशांश आहेत, म्हणून भाव झाला टनाला ३.६ क्रेडिट. लीस्टीवर १९ वजा ४, म्हणजे १५, चौपट ६०, भाव ६ क्रेडिट. शेतीच्या गावात धान्य स्वस्त, कारखान्यांच्या गावात महाग.

संगणकाचं गणित याच्या उलट दिशेने चालतं. मूळ आकडा १५४ आणि ग्रहाच्या दर अंकामागे १४ ची भर. लीस्टीवर ७२.८ क्रेडिट, लाव्हेवर ८९.६. या आकड्यांत दर वेळी किंचित चढउतार मिसळलेला असतो, त्यामुळे भाव अगदी गोठलेले वाटत नाहीत. पण गाभा एवढाच: एक मूळ आकडा, एक उतार आणि चिमूटभर योगायोग.

खेळाच्या सुरुवातीला लाव्हेच्या बाजारात अन्न असतं फक्त १६ टन. तुमच्या यानात २० टनांची जागा आहे, पण माल १६ च टन. तो सगळा उचलला तर ५७.६ क्रेडिट गेले. लीस्टीवर ६ च्या भावाने विकला की ९६ आले. नफा ३८.४, त्यातून इंधनाचे काही क्रेडिट वजा. परतीला एक संगणक घेतलात तर लाव्हेवर आणखी सोळा-सतरा क्रेडिट सुटतात.

हे आकडे मुद्दाम इतके किरकोळ ठेवलेले आहेत. मालाची जागा २० वरून ३५ टन करायची तर ४०० क्रेडिट. जरा बरा लेझर १,०००. स्टेशनात आपोआप शिरवणारा संगणक १,५००. अशा पाच-सात फेऱ्या झाल्या की खेळाडूच्या डोक्यात आपोआप एक हिशोब सुरू होतो: आधी जागा वाढवावी की आधी हत्यार? जागा वाढवली तर नफा वाढेल, पण लुटले जाण्याची भीतीही वाढेल. हत्यार घेतलं तर जीव वाचेल, पण पैसा अडकून पडेल. कुठल्याही छोट्या व्यापाऱ्याला पडणारा हा भांडवलाचा प्रश्न. गेम तो समजावून सांगत बसत नाही, सरळ तुमच्या अंगावर टाकते.

धोका नेमका कुठे बसवलाय

एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की तुम्ही थेट स्टेशनाच्या दारात पोचत नाही. ग्रहापासून बऱ्याच लांब बाहेर पडता. तिथपासून स्टेशनापर्यंतचा पट्टा यान चालवत कापावा लागतो, आणि लुटारू येतात ते याच पट्ट्यात. आसपास कुणी नसेल तर वेगाने पुढे सरकण्याची सोय आहे. पण जवळपास एखादं यान असलं की ती सोय बंद पडते. म्हणजे धोका समोर आला की घाईने निसटण्याची वाटच उरत नाही. मला ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली वाटते. एका छोट्याशा नियमाने सगळा ताण उभा केलाय.

मेलात तर काय होतं? गेम जतन करता येते ती फक्त स्टेशनात शिरल्यावर. वाटेत यान फुटलं की मागच्या स्टेशनापासूनची सगळी फेरी पाण्यात गेली. १,००० क्रेडिटचं सुटकेचं यान घेतलं असेल तर जीव वाचतो, पण माल जातोच. त्यामुळे अंगावर येणारं लुटारूचं यान हे नुसतं गुण मिळवण्याचं लक्ष्य राहत नाही. ते तुमच्या ३८ क्रेडिटच्या नफ्यावर उठलेलं असतं.

ग्रहावर कुठलं सरकार आहे, त्यावर धोका कमी-जास्त होतो. आठ प्रकारची सरकारं आहेत, अराजकापासून कंपनी-राज्यापर्यंत. अराजक ग्रहाभोवती लुटारूंचा सुळसुळाट, कंपनी-राज्यात वाट बरीच निर्धोक. गंमत म्हणजे भावाच्या सूत्रात सरकारचा कुठेही संबंध नाही. अराजक ग्रहावर धान्य पोचवलं म्हणून चार पैसे जास्त मिळत नाहीत. मग तिकडे जायचं कशाला? लढायला. प्रत्येक लुटारू मारल्यावर बक्षीस मिळतं. ५२५ क्रेडिटचं एक यंत्र बसवलं की फुटलेल्या यानातून बाहेर पडलेले मालाचे पिंप गोळा करता येतात. इथे एक दरवाजा उघडतो. व्यापारी म्हणून सुरुवात केलेला माणूस शिकारी होऊ शकतो, आणि निष्पाप व्यापाऱ्यांच्या यानांवर गोळ्या झाडून स्वतः लुटारूही होऊ शकतो. तुम्ही निर्दोष आहात, गुन्हेगार आहात की फरारी, याची नोंद राहते आणि पोलिसांची ‘व्हायपर’ यानं त्याप्रमाणे तुमच्या मागे लागतात.

त्या १७ मालांत अमली पदार्थ, शस्त्रं आणि गुलाम हे तीन बेकायदा. भावाच्या तक्त्यात गुलाम ही एक ओळ आहे, अन्न आणि कापडासारखीच. आज ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, आणि व्हायलाच हवं. स्टेशनचा बाजार तुम्हाला अडवत नाही. शिक्षा असली तर बाहेर पोलिसांकडून. निर्णय पूर्णपणे खेळणाऱ्याचा, आणि त्या काळच्या गेम्समध्ये खेळणाऱ्यावर असला निर्णय कुणी टाकत नसे.

स्टेशनात शिरणं ही स्वतंत्र परीक्षा आहे. स्टेशन सतत गरगरत असतं आणि आत जायला एक आयताकृती फट असते. तिच्यासमोर नेमकं सरळ यायचं, स्टेशन फिरतंय त्या गतीने आपलं यानही फिरवायचं आणि हळूहळू आत सरकायचं. फट आडवी असताना यान उभं राहिलं की स्फोट. लुटारूंच्या तावडीतून सुटून, ढाल संपलेली, इंधन नावापुरतं, अशा अवस्थेत दारात येऊन आपटलेल्यांची संख्या मोजण्यापलीकडची असेल. पण मला वाटतं, एलीटचा आत्मा या फटीत आहे. प्रवास संपल्याचं समाधान इथे कमवावं लागतं.

सहा बाइटांत आठ आकाशगंगा

आता तांत्रिक बाजू. बीबीसी मायक्रोची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या शेकडो पट जागा खातो. त्यातलाही मोठा भाग पडदाच गिळायचा. उरलेल्या जागेत त्रिमितीय यानं, लढाई, बाजार आणि २,०४८ ग्रह बसवायचे होते: आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह.

एका ग्रहाचं नाव, जागा, सरकार, अर्थव्यवस्था, लोकसंख्या हे सगळं लिहून ठेवायला ३० बाइट धरले, तरी २,०४८ ग्रहांना ६१,४४० बाइट लागतात. संगणकाची सगळी स्मृती ३२,७६८ बाइट. म्हणजे ग्रहांची यादी लिहून ठेवणं शक्यच नव्हतं.

मग त्यांनी यादी ठेवलीच नाही. सतराचा पाढा पाठ नसला तरी १७ मध्ये १७ मिळवत गेलं की तो कधीही, कुठेही, अचूक तयार होतो. ग्रहांचंही तसंच केलं. सुरुवातीला तीन संख्या घ्यायच्या. त्यांची बेरीज करायची. पहिली संख्या टाकून द्यायची आणि बेरीज शेवटी जोडायची. पुन्हा तेच.

लहान संख्या घेऊन करून पाहू, बेरजेतले फक्त शेवटचे दोन आकडे ठेवू. समजा १७, ४२, ८५. बेरीज १४४, ठेवले ४४. आता ४२, ८५, ४४ ची बेरीज १७१, ठेवले ७१. मग ८५, ४४, ७१ मिळून २००, ठेवले ००. पुढे १५, मग ८६. पाहणाऱ्याला ही संख्यांची माळ मनमानी वाटते, पण सुरुवात तीच ठेवली तर दर वेळी तीच माळ तयार होते. या संख्यांच्या तुकड्यांतून ग्रहाचे गुण काढायचे. एका तुकड्यावरून सरकार, दुसऱ्यावरून अर्थव्यवस्था, तिसऱ्यावरून नकाशावरची जागा. एलीटमध्ये संख्या मोठ्या आहेत, ० ते ६५,५३५ पर्यंतच्या, पण रीत हीच. तीन संख्या म्हणजे सहा बाइट. एवढ्यातून २५६ ग्रह.

नावंही याच माळेतून पडतात. दोन-दोन इंग्रजी अक्षरांच्या ३२ जोड्या साठवलेल्या आहेत आणि माळेतले आकडे सांगतात कुठल्या जोड्या जोडायच्या. ‘ला’ आणि ‘व्हे’ जुळले की लाव्हे. ‘दि’ आणि ‘सो’ जुळले की दिसो. ‘टी’, ‘ऑन’, ‘इस’, ‘ला’ मिळून टिऑनिस्ला. कुणीही ही नावं बसून शोधलेली नाहीत, तरी ती एखाद्या परक्या भाषेतल्या गावांसारखी कानाला पटतात, कारण जोड्या उच्चारता येतील अशा निवडलेल्या आहेत. काही आवृत्त्यांत तर ग्रहाचं वर्णनही असंच बनतं. लाव्हे म्हणे तिथल्या अफाट पर्जन्यवनांसाठी आणि झाडांवरच्या अळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हे वाक्यसुद्धा कुठे लिहिलेलं नाही, ते जागच्या जागी तयार होतं.

उरलेल्या सात आकाशगंगा कुठून आल्या? त्याच सहा बाइटांतून. एक बाइट म्हणजे आठ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा आठ अंकांची, रांग. प्रत्येक बाइटातला डावीकडचा पहिला बिट उचलायचा आणि उजवीकडच्या टोकाला लावायचा. संख्या बदलली, की माळ बदलली, की संपूर्ण नवी आकाशगंगा. असं आठ वेळा केलं की रांग मूळ जागेवर येते, आणि ५,००० क्रेडिटचं आकाशगंगा ओलांडणारं इंजिन वापरत गेलेला खेळाडू आठव्या उडीनंतर पुन्हा पहिल्या आकाशगंगेत उतरतो. आकाशगंगा आठच का, याचं उत्तर बिटांच्या रांगेत आहे. मला यापेक्षा सुंदर युक्ती गेम्सच्या इतिहासात फारशी दिसलेली नाही.

पडद्याची युक्ती थोडक्यात सांगतो. या संगणकावर एक तर बारीक रेषा मिळायच्या पण रंग दोनच, नाहीतर चार रंग मिळायचे पण रेषा जाड. त्यांनी पडद्याचा वरचा भाग पहिल्या पद्धतीने आणि खालचा उपकरणांचा भाग दुसऱ्या पद्धतीने काढला. म्हणजे सेकंदाला ५० वेळा, चित्र उमटत असतानाच, संगणकाची पद्धत मध्येच बदलायची.

या संगणकाचा आपल्याशीही संबंध आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणकाची ओळख करून देणारा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यासाठी निवडलेलं यंत्र बीबीसी मायक्रोच होतं. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये एआरएम नावाची चिप तयार केली. तिचे वंशज आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

भाव हलत नाही, ही अडचण

एलीटमध्ये एक मोठी उणीव आहे. तुम्ही लीस्टीवर धान्याच्या कितीही खेपा टाका, भाव पडत नाही. बाजाराला तुमचं अस्तित्वच जाणवत नाही. सूत्रातून भाव निघतो, आणि सूत्रात खेळाडू नाही. एकदा चांगली जोडी सापडली की नुसत्या फेऱ्या मारायच्या.

यावर एक ठोस उत्तर दिलं ते जर्मनीतल्या इगोसॉफ्टच्या ‘एक्स’ मालिकेने, १९९९ पासून. तिथे भावाला सूत्रापेक्षा साठा महत्त्वाचा. एखाद्या कारखान्याला ऊर्जा-घट हवेत. कोठार रिकामं होत आलं की तो जास्त भाव देतो, भरलं की कमी. कच्चा माल आणणारी यानं खरोखर प्रवास करत असतात. त्यांतलं एखादं वाटेत लुटलं गेलं तर कारखाना थांबतो, त्याच्या मालावर चालणारा पुढचा कारखानाही अडतो, आणि तिथला भाव चढतो. लढाईचा परिणाम बाजारात उमटतो. या मालिकेचं हवं तेवढं कौतुक झालं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्याला ती फार अवघड जाते हे मात्र खरं.

दुसरं उत्तर आइसलँडमधून आलं. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू केली. तिथे भाव ठरवतात माणसं. जगातले जवळपास सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. लघुग्रहांमधून खनिज खणणारा माणूस, त्याच्याकडून ते घेणारा माणूस, त्यातून यान बनवणारा माणूस, ते घेऊन लढायला जाणारा माणूस. दर साखळीच्या टोकाला कुणीतरी खराखुरा बसलेला. जिटा नावाच्या ताराप्रणालीत सगळ्यात मोठी बाजारपेठ भरते. तिथे बाजारपेठ व्हावी असं कंपनीने ठरवलं नव्हतं. व्यापारी जिथे जमतात तिथे आणखी व्यापारी येतात, एवढ्यावर ती वाढली.

ईव्हमध्ये व्यापार आणि लढाईची गाठ किती घट्ट आहे ते एका हिशोबावरून कळेल. तिथल्या सुरक्षित भागात कुणी विनाकारण हल्ला केला तर ‘कॉनकॉर्ड’ हे पोलिसदल हल्लेखोराचं यान हमखास नष्ट करतं. पण ते काही क्षणांनी येतं. शिक्षा निश्चित आहे, संरक्षण नाही. आता समजा, तुमच्या मालवाहू यानात गेममधल्या चलनात १०० कोटींचा माल आहे. यान फुटलं की साधारण अर्धा माल जळून जातो, अर्धा वाचतो. म्हणजे ५० कोटींचा माल तरंगत राहतो. हल्लेखोरांनी १० कोटींची स्वस्त यानं आणली आणि ती सगळी पोलिसांनी फोडली, तरी त्यांच्या साथीदाराने माल उचलला की ४० कोटींचा फायदा. म्हणून तिथला अनुभवी वाहतूकदार माल किती मावतो हे पाहत नाही. आपलं यान फोडणं परवडणार नाही इतकाच माल तो भरतो, आणि बाकीचा दुसऱ्या खेपेला नेतो. या सावधपणाचा खर्च वाहतुकीच्या दरात येतो, आणि वाहतुकीचा दर मालाच्या भावात. दूरच्या, बेबंद भागात तीच वस्तू जिटापेक्षा महाग का असते, याचं हे एक मोठं कारण.

एवढी माणसं एकत्र व्यापार करू लागली की महागाईही येते. लुटारूंच्या बक्षिसांतून नवा पैसा विश्वात शिरतो, कर आणि शुल्कांतून बाहेर जातो. शिरणारा पैसा जास्त झाला की सगळेच भाव चढतात. हे सांभाळायला सीसीपीने २००७ मध्ये एयोल्फुर ग्वुडमुंड्सन हे अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर घेतले. ते तिथल्या अर्थव्यवस्थेचे अहवाल काढत, एखाद्या देशाची मध्यवर्ती बँक काढते तसे.

आणि जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या ताराप्रणालीत जे घडलं, ते तर एका थकलेल्या बिलामुळे. एका गटाकडून त्या प्रणालीवरच्या ताब्याचं शुल्क वेळेवर भरलं गेलं नाही. ताबा सुटला, विरोधकांनी संधी साधली, दोन्हीकडून मित्रगट धावले. लढाई २१ तासांच्या आसपास चालली. साडेसात हजारांहून जास्त खेळाडू त्यात उतरले आणि टायटन जातीची ७५ महाकाय यानं नष्ट झाली. इतक्या गर्दीचा भार पेलण्यासाठी सर्व्हरने वेळच मंद केली होती, एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत. खेळाडू खऱ्या पैशांनी गेममधलं चलन मिळवू शकतात, त्या दराने हिशोब केला तर नुकसान ३ लाख डॉलरच्या वर गेलं. एक टायटन बांधायला किती माणसांचं किती दिवसांचं खणणं, वाहणं आणि राखणं लागतं, हे माहीत असलं की त्या आकड्यामागची हळहळ कळते.

ब्रेबेन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलीट डेंजरस’ आणली. सहा बाइटांची जुनी कल्पना आता आपल्या खऱ्या आकाशगंगेएवढी झाली: ४०,००० कोटी ताराप्रणाली, त्यांतले माहीत असलेले तारे खगोलशास्त्राच्या याद्यांवरून जागच्या जागी, आणि बाकीचे सूत्रांतून घडवलेले. इतक्या वर्षांत सगळ्या खेळाडूंनी मिळून त्यांतल्या एक टक्का ताऱ्यांपर्यंतही मजल मारलेली नाही. तिथे खेळाडूंचा ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा एक गट आहे. कुणी इंधन संपून अडकलं की हे लोक शेकडो, कधी हजारो प्रकाशवर्षं पार करून इंधन पोचवतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. प्रत्येक गोष्टीला भाव असलेल्या जगात हे लोक स्वतःहून उभे राहिले, याचं मला फार मोल वाटतं.

स्वतः खेळून पाहायचं असेल तर

थेट ईव्हमध्ये उडी मारू नका. ती फुकट सुरू करता येते, पण पहिल्या आठवड्यात माणूस गोंधळून जातो. ‘ऊलाइट’ ही मोफत गेम उतरवून घ्या. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. एलीटवरूनच ती घडवलेली आहे, त्यामुळे सुरुवात तीच: लाव्हे, कोब्रा मार्क ३ आणि १०० क्रेडिट. अन्न घेऊन लीस्टीला जा, संगणक घेऊन परत या. दोन्ही फेऱ्यांचा हिशोब कागदावर मांडा, इंधनासकट. पहिले ४०० क्रेडिट जमले की मालाची जागा वाढवा, मग लेझरकडे वळा. स्टेशनात शिरण्याचा सराव रिकाम्या यानाने करा, म्हणजे आपटलात तरी माल जाणार नाही. आणि रिडक्वाट हा शेजारचा अराजक ग्रह नकाशावर जवळ दिसला, तरी यानाच्या पाठीवर दुसरा लेझर बसेपर्यंत तिकडे फिरकू नका.